बारावी पंचक्रोशी आणि रिव्हर्स नसलेली गाडी

आमच्या ह्यांना दक्षिणा म्हणून मोटार मिळाली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "ठेवायची कुठं? फडताळात?"

चुकलं का माझं? आम्ही राहतो काशीत, दूधविनायकाच्या गल्लीत. समोरून सांड आला की माणसानं मुकाट्यानं कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं, अशी आमची गल्ली. आणि भदोहीच्या एका गालिचेवाल्या शेठजींनी चाळीस दिवसांच्या वेदपारायणावर खूश होऊन दिलं काय, तर मोटार! काळी, गोल टपाची, पंचवीस वर्षं वापरलेली. शेठजींना नवी घ्यायची होती आणि जुनीला गिऱ्हाईक नव्हतं, हे मला बसल्या जागी कळलं. ह्यांना अजून कळलेलं नाही.

मी म्हटलं, "विकून टाका." तर म्हणे दानात आलेली वस्तू विकायची नसते. झालं! मोटार मैदागिनला मोहन मिस्त्रीच्या गॅरेजात उभी राहिली आणि हे रोज संध्या आटोपून तिच्या दर्शनाला जाऊ लागले.

बोलताना मी ह्यांचं नाव घेत नाही, लिहिताना घेते. ढुंढिराजशास्त्री, घनपाठी. घनपाठी म्हणजे वेदातले शब्द नुसते सरळ म्हणून ज्याचं समाधान होत नाही तो. पहिला शब्द, दुसरा शब्द. मग दुसरा, पहिला. मग पहिला, दुसरा, तिसरा. मग तिसरा, दुसरा, पहिला. आणि पुन्हा सरळ. असं पुढंमागं, मागंपुढं करत संपूर्ण संहिता तोंडपाठ. चूक व्हायला वावच नाही. हे सगळं ठीक आहे हो, पण माणसानं मोटारही तशीच शिकावी?

मोहननं सांगितलं, "गुरुजी, पहले क्लच, फिर गियर, फिर एक्सीलेटर." ह्यांनी डोळे मिटले आणि हात हलवत सुरू केलं, "क्लच गिअर, गिअर क्लच, क्लच गिअर एक्सीलेटर, एक्सीलेटर गिअर क्लच, क्लच गिअर एक्सीलेटर!" तोंडानं म्हणतात तेच पायही करत होते. गाडीनं तीन उड्या मारल्या आणि पानवाल्याच्या पाण्याच्या हंड्याला जाऊन भिडली. मोहननं कपाळाला हात लावला. "गुरु, ई गाड़ी हौ, वेद नाहीं!"

पण ऐकतील तर ते हे कसले! तेल, पाणी, हवा हे रोजचं नित्यकर्म झालं. तेलाची काडी काढायची, पुसायची, बुडवायची, पुन्हा काढून उन्हात धरून बघायची. तेलाला हात लागला म्हणून मग पुन्हा आंघोळ. रेडिएटरात नळाचं पाणी चालेना, म्हणून घाटावरून कळशी भरून गंगाजल! दोन महिन्यांत गाडी तापायला लागली. मोहननं रेडिएटर उघडला तर आत एवढा गाळ, की तुळस लावली असती तर रुजली असती. तेव्हापासून गंगाजल चार पदरी धोतरातून गाळून जाऊ लागलं. बंद मात्र झालं नाही.

परवाना ह्यांना पहिल्याच फटक्यात मिळाला. साहेबांनी गाडी मागं घ्यायला सांगितली आणि ह्यांनी ती अशी सरळ, सुरेख मागं घेतली की साहेब उभे राहिले. घेणारच! माणसाचा निम्मा जन्म उलटं म्हणण्यात गेलेला.

आता अक्कांबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. अक्का म्हणजे माझ्या नणंद, कालिंदी. ह्यांच्याहून अठरा वर्षांनी मोठ्या. लग्नानंतर वर्षभरातच विधवा होऊन परत आल्या, तेवढ्यात आई गेली, आणि पाळण्यातल्या ह्या भावाला त्यांनीच वाढवलं. सन पन्नासला हे वीस वर्षांचे असताना ह्यांना विषमज्वर झाला. एकवीस दिवस शुद्ध नाही, वैद्यांनी हात टेकले. तेव्हा अक्कांनी मणिकर्णिका घाटावर जाऊन बोलून टाकलं, "माझा ढुंढ्या वाचू दे, मी बारा अधिक महिन्यांत बारा पंचक्रोशी करीन, अनवाणी."

पंचक्रोशी म्हणजे अख्ख्या काशीला प्रदक्षिणा. पंचवीस कोस, पाच मुक्काम, काशी सतत उजव्या हाताला. आणि अधिक महिना येतो दोन-तीन वर्षांतून एकदा. तीस वर्षांत अक्कांनी अकरा केल्या. पायाला फोड आले की खूश व्हायच्या. म्हणायच्या, "फोड आला की समजावं, देवाकडं पोचलं." ऐंशी साली अधिक ज्येष्ठ आला, बारावीची वेळ आली, आणि त्याच साली अक्कांचे गुडघे गेले. घरातून घाटापर्यंत जायचं तर दोनदा बसावं लागे.

हे जेवायला बसले की अक्का ह्यांच्याकडं टक लावून बघत बसायच्या. एकदा भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, "बारावी राहिली तर देव म्हणेल, अर्धवट काम. दिलेला जीव परत मागेल." बाई, असं बोलतात का कधी?

ह्यांनी ते ऐकलं. हात धुऊन आले आणि म्हणाले, "अक्का, मोटार आहे ना!"

"मोटारीत बसून पंचक्रोशी? ती सहल झाली रे. पाय कुणाचे झिजणार?"

"माझे. गाडी पायानंच चालते. मी अनवाणी चालवीन. तू वाढवलेले पाय आहेत, ते काय परके?"

अक्का दोन दिवस विचार करत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "बरं. पण वाटेतल्या प्रत्येक देवापाशी गाडी पूर्ण थांबली पाहिजे. चालत्या गाडीतून नमस्कार म्हणजे देवाला टाटा." वाटेवर देव किती? एकशे आठ!

यात्रेआधी आठ दिवस ह्यांनी सरावाचा धडाका लावला. मोकळ्या मैदानात जायचं आणि पहिला गिअर, रिव्हर्स, रिव्हर्स, पहिला, पहिला, दुसरा, रिव्हर्स. रोज दोन तास गाडीकडून घनपाठ म्हणवून घेत होते. सहाव्या दिवशी गाडी खर्रकन् ओरडली. क्लचच्या पेडलवरचं रबर आधीच निघून पडलं होतं, त्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. आता रिव्हर्सचे दातच गेले. मोहन म्हणाला, गिअरचं दातेरी चाक कलकत्त्याहून येईल, महिना लागेल. अधिक महिना संपायला उरले होते नऊ दिवस.

मी घरी येऊन भांडी आपटली. चांगली आपटली. म्हटलं, "सगळे वेद उलटे म्हणून झाले, आता ही गाडी एक वीतभर मागं जात नाही! आता काय करणार?"

हे एकदम टाळी वाजवून हसायला लागले. "अगं, प्रदक्षिणेत मागं फिरायचंच नसतं! रिव्हर्स हवाय कुणाला?"

मी त्या माणसाकडं बघतच राहिले. आणि खरं सांगू, मलाही हसू फुटलं. अक्काही पदर तोंडाला लावून हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

पहाटे मणिकर्णिकेवर स्नान, संकल्प, तिथून नावेनं अस्सी घाट. मोहननं गाडी अस्सीवर आणून ठेवली होती, नाक रस्त्याकडं करून. हात जोडून म्हणाला, "गुरुजी, बस आगे ही जाइएगा." अक्का ह्यांच्या मागं उजव्या खिडकीशी, कारण देव सगळे उजव्या हाताला. मी डावीकडं, मांडीवर फुलं, अक्षता आणि सातूच्या पिठाची पुरचुंडी. आणि निघालो की हो! अस्सी ते कर्दमेश्वर, म्हणजे पहिल्या मुक्कामापर्यंत, मी डोळे उघडलेच नाहीत. उघडले तेव्हा आंब्याची झाडं मागं पळत होती, अक्कांचा पदर वाऱ्यावर, आणि हे मोठ्यानं मंत्र म्हणत होते. सरळ! एकही शब्द उलटा नाही.

"थांब," अक्का म्हणायच्या. क्लच, ब्रेक, गाडी उभी. नमस्कार, अक्षता. "चल." पुन्हा क्लच. शंभर पावलांवर दुसरा देव. "थांब." गावातली माणसं आपापल्या दारांत उभी राहून बघत होती. भीमचंडीला तर बायकांनी गाडीलाच हळदकुंकू लावलं. ज्येष्ठाचं ऊन, खालून इंजिनाची धग, रेडिएटर दोनदा फुसफुसला. पण मी गाळलेल्या गंगाजलाच्या चार कळशा बरोबर घेतल्या होत्या. कुणीतरी शहाणं लागतंच घरात.

भीमचंडीच्या पुढं रस्ता बांधावरून जातो. अरुंद, दोन्हीकडं खोल शेतं. आणि समोरून आला विटांनी भरलेला ट्रॅक्टर! तोंडाला तोंड लावून दोघं उभे. ट्रॅक्टरवाला ओरडला, पीछे लो. हे म्हणाले, "पीछे नहीं होती." तो म्हणाला, होत नाही म्हणजे? हे त्याला गिअरचे दात समजावून सांगायला लागले, तो तापत गेला. मग अक्कांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. जन्म काशीत गेलेला, त्यांची काशीची बोली ट्रॅक्टरवाल्यापेक्षा पक्की. "ए भइया! परिकरमा में हई! पाछे ना जाब! तू जा पाछे!"

त्यानं अक्कांचे पांढरे केस बघितले, गाडीवरचं हळदकुंकू बघितलं, कान पकडले आणि विटांची ती ट्रॉली फर्लांगभर मागं नेली. वर आम्ही पुढं गेलो तेव्हा हात जोडून उभा! मी एवढी हसले की सातूचं पीठ मांडीभर सांडलं.

शिवपूरला हे पाणी घालायला उतरले, तेव्हा मला दिसलं. डावा पाय टेकला तिथं फरशीवर ओला डाग पडला. मी खाली वाकले. क्लचचं उघडं लोखंड तापून तळव्याला लागत होतं, सकाळपासून शंभरदा. दोन फोड फुटलेले, एक टरारून फुगलेला. मी ओरडणार, तर ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं. "अक्काला सांगू नकोस. थांब म्हणायची बंद होईल आणि देव राहतील. शपथ आहे तुला माझी."

संतापानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हट्टी, हट्टी माणूस! मी माझा पदर फाडून पट्टी देऊ केली, तर म्हणे अनवाणी म्हणजे अनवाणी, पट्टीसुद्धा नाही. पुढचा सगळा रस्ता अक्का "थांब" म्हणाल्या की माझाच पाय आखडायचा.

कपिलधारेला रीतीप्रमाणे जव घेतले, ते वाटेवर उधळत पुढं निघालो. वरुणासंगमापाशी रस्ताच संपला. गाडी तिथंच लावली, नाक थेट गंगेकडं, मागं फिरायची सोय नाही. पुढं मोहननं दहा नावाड्यांकडून ती ढकलून घेतली तो भाग वेगळा. आम्ही नावेत बसलो आणि दिवेलागणीला मणिकर्णिकेवर आलो.

आता यात्रा पुरी झाल्याचं पाणी सोडायचं. हे मंत्र म्हणायला बसले, पाय मांडीखाली दडवून. अक्कांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि हात तसाच राहिला. पाणी बोटांतून गळून गेलं. पुन्हा घेतलं, पुन्हा गळालं.

"नाही रे ढुंढ्या," त्या म्हणाल्या. "तोंड धजत नाही. मी गादीवर बसून आले. हसत आले. ही बारावी कशी म्हणू? देवाला फसवून तुझा जीव कसा मागू?" आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

हे म्हणे, "अक्का, झाली ती, म्हण," आणि पाय आणखी आत ओढून बसले. मला घातलेल्या शपथेचे स्वतःच पक्के!

मी नाही पक्की. मला रागच आला. म्हटलं, गेली ती शपथ उडत. ह्यांच्या मांडीखालून डावा पाय ओढून काढला आणि घाटावरच्या दिव्यापुढं धरला. "अक्का, हे बघा! तुम्ही चालला नाहीत? हे कुणाचे पाय आहेत, तुम्हीच सांगा!"

अक्कांनी वाकून तो पाय उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. मोठ्या बहिणीच्या मांडीला धाकट्याचा पाय! हे "अगं अक्का, अगं पाप लागेल" म्हणत मागं सरकायला लागले, पण त्यांनी घोटा घट्ट धरून ठेवला. लहान मुलाचे पाय धुवावेत तसा गंगेच्या पाण्यानं तो तळवा धुतला. एक एक फोड बोटानं मोजला.

"तीन," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या वर्षी दोनच आले होते."

मग पदराला हात पुसून त्यांनी ओंजळ भरून घेतली आणि ती या वेळी घट्ट राहिली. "म्हण रे मंत्र. बारावी झाली."