एक रिंग, दोन रिंगा

कर्वेनगरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर, इस्त्रीवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात हिराताई मेश्राम यांचं रुग्णसेवा केंद्र आहे. घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे बायका पाठवायच्या, हे काम. मुलं परदेशात नाहीतर बंगळूरला, आणि आई-वडील इथे पेठेत. त्यांना कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, चार घास भरवायचे आणि मुख्य म्हणजे शेजारी असायचं.

सकाळी गाळा उघडला की हिराताई बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत, त्रिसरण-पंचशील म्हणत आणि मग टेबलाशी बसत. टेबलावर एक लँडलाइन, केंद्राचे दोन मोबाइल आणि त्यांचा स्वतःचा एक. पाळी बदलायच्या वेळेला हे चौघे असे काही किणकिणत की इस्त्रीवाला विचारायचा, "ताई, कुणाचं लग्न निघालं काय?"

लग्न कुठलं, मिस कॉल असत ते. बाई पेशंटच्या घरी पोचली की एक रिंग देऊन फोन कापायची. म्हणजे, पोचले, ताबा घेतला. लागोपाठ दोन रिंगा आल्या की माझी बदली आलेली नाही, मी थांबलेय, कोणालातरी पाठवा. रिचार्ज जिवावर यायचा त्या काळात ही खूण पडली. आता सगळ्यांच्या फोनमध्ये हवं तेवढं बोलणं फुकट आहे, तरी खूण राहिली. कारण बाईचा एक हात पेशंटच्या पाठीखाली असतो. आणि समोरची आली नाही हे घरच्यांच्या देखत बोलायचं तरी कसं?

नियम एकच होता. दुसरी आल्याशिवाय पहिलीने पेशंटजवळून हलायचं नाही. हिराताई भंडाऱ्याकडून लग्न होऊन पुण्यात आल्या, नवरा भीमराव कारखान्यात, स्वतः एका दवाखान्यात आया. भीमराव आजारी पडले आणि एका पहाटे गेले, तेव्हा रात्रीची आया घरी निघून गेली होती आणि सकाळची आलेली नव्हती. हिराताई डबा घेऊन दवाखान्यात पोचल्या तर खाटेजवळ कोणीच नव्हतं. दोष कोणाला दिला नाही त्यांनी. पुढे केंद्र काढलं तेव्हा हा नियम मात्र पहिल्याच दिवशी केला, आणि नव्या येणाऱ्या प्रत्येक बाईला तोच आधी सांगितला.

तो नियम गेल्या महिन्यात मोडला.

शनिवार पेठेत श्रीधर आगाशे म्हणून गृहस्थ. बायको अंथरुणाला खिळलेली, स्वतः ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडच्या रात्रपाळीच्या नव्या बाईची बदली आली नाही. तिने लँडलाइनवर एक रिंग दिली, दुसरी द्यायला गेली तर लाइन बिझी, म्हणून ती मोबाइलवर दिली. इकडे लँडलाइनपाशी शर्मिला बसलेली. ही हिराताईंच्या हाताखाली केंद्र सांभाळते. तिला दिसली एक रिंग. हिराताईंना मोबाइलवर दिसली एक रिंग. गडबडीत नाव कोणीच नीट बघितलं नाही; दोघींनीही निर्धास्तपणे मान डोलावली, बदली पोचली म्हणून. नवीन बाईने वाट पाहिली आणि निरोप गेलाय म्हणून निघून गेली. आगाशेकाकांनी बायकोला एकट्याने कुशीवर वळवलं आणि स्वतःचीच पाठ धरून बसले.

"हिराबाई," ते फोनवर म्हणाले, "आपल्याकडे चार फोन आहेत असं ऐकतो. त्यातल्या एखाद्याला कान आहे का?"

त्या दिवशी हिराताईंना जेवण गेलं नाही. संध्याकाळी त्या मुलाला म्हणाल्या, "रोहन, तू ते एकाच नंबरचं सारखं म्हणत असतोस ना? बोलव त्या माणसाला."

रोहन हिंजवडीला नोकरी करतो. आईने फोनचा हा पसारा आवरावा म्हणून तो वर्षभर मागे लागला होता. त्याने फोनची सिस्टिम विकणाऱ्या कंपनीतल्या अभिनव नावाच्या मुलाला आणलं. अभिनवने लॅपटॉप उघडून पटापट दाखवलं. केंद्राला एकच नंबर. फोन, व्हिडिओ, मेसेज सगळं एका जागी येणार. शर्मिला गाळ्यात असो की घरी, तिच्या मोबाइलवरही तेच दिसणार. अमेरिकेतली मुलगी आईला बघायचं म्हणाली तर तेही त्यातूनच.

"आणि एकही कॉल सुटणार नाही, मॅडम. सिस्टिम पहिल्या रिंगलाच उचलते."

हे वाक्य हिराताईंना फार आवडलं. घोळ नेमका त्याच वाक्यात होता, पण ते तेव्हा ना अभिनवच्या लक्षात आलं, ना रोहनच्या, ना त्यांच्या.

"आधी वापरून बघते, मग सही," त्या म्हणाल्या.

चाचणी सुरू झाली. पहिल्याच सकाळी पाळी बदलायची वेळ झाली आणि गाळ्यात चिडीचूप. इस्त्रीवाला डोकावून गेला. शर्मिला खूश होती. "बघा, किती शांत!" हिराताई मात्र पडद्यापुढे वाकून बघत होत्या. कोण पोचली, कोण अडकली, काही म्हणता काही कळेना. पडद्यावर नावं होती आणि प्रत्येकीपुढे 'कॉल घेतला' एवढंच.

झालं होतं असं की बायकांनी नेहमीप्रमाणे रिंग दिली, आणि ती कापायच्या आत पलीकडून एक गोड आवाज बोलायला लागला. "नमस्कार, आपलं स्वागत आहे. मराठीसाठी एक दाबा." बायका दचकल्या आणि कट केलं. एकीने दुसरीला कळवलं की ताईंनी केंद्र विकलं, कोणीतरी शुद्ध बोलणारी बाई बसवलीय. दुपारपर्यंत ती बातमी वारज्यापर्यंत पोचली.

तेवढ्यात आगाशेकाकांचा फोन लागला.

"मराठीसाठी मी एक दाबला. चौकशीसाठी दोन दाबला. तक्रारीसाठी तीन दाबला. आता अंत्यविधीसाठी कितवा दाबायचा तेवढं सांगा."

"काका! काय झालं?"

"मला काही झालेलं नाही. तुमच्या रात्रपाळीच्या मुक्ताबाई अजून इथेच आहेत, बदली आलेली नाही. त्यांची मुलगी बाळंतपणाला दवाखान्यात गेलीय. सकाळपासून रडवेल्या होऊन बसल्यात, पण उठत नाहीत. मी जा म्हणतो, त्या नाही म्हणतात. आपलं शिक्षण पक्कं आहे, यंत्र तेवढं कच्चं आहे."

हिराताईंनी फोन ठेवला. रिक्षा केली आणि स्वतःच शनिवार पेठेत गेल्या. मुक्ताबाई पेशंटच्या उशाशी बसलेली, नाकडोळे सुजलेले.

"दोनदा दोन-दोन रिंगा दिल्या हो ताई. ती बाई नुसतंच स्वागत करती माझं."

"जा तू. मी आहे इथं."

मुक्ताबाई चपला पायात अडकवतच जिना उतरली. हिराताईंनी पदर खोचला, आगाशेकाकूंना कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली. कितीतरी दिवसांनी त्या स्वतः पेशंटपाशी बसल्या होत्या. काका चहा घेऊन आले.

"काढून टाका ते यंत्र. जुनं होतं ते बरं होतं."

"जुन्यानेच तुमची पाठ मोडली, काका," हिराताई म्हणाल्या.

काकांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

संध्याकाळी रोहन आला तो तयारीनिशीच. "आई, तू नाही म्हणणार, मला माहितीय. पण एक सांग. गेल्या वर्षी तुला डेंग्यू झाला तेव्हा काय झालं? शर्मिलाताईंना नुसते मिस कॉल दिसत होते. कोणाची कोणती बदली, कोण कधी दोनदा देते, सगळं तुझ्या डोक्यात. तू दवाखान्यातून सलाईन लावून सांगत होतीस. उद्या तू नसलीस तर?"

"काहून नसेन मी?" हिराताई ताडकन म्हणाल्या. रागावल्या की भंडाऱ्याची बोली तोंडात यायची. पण शब्द बाहेर पडले तसा राग निवला. पोरगं खरं बोलत होतं. एवढी माणसं आपल्या भरवशावर खाटेवर पडलेली, आणि तो भरवसा एका बाईच्या डोक्यात साठवून ठेवलेला. ही सेवा म्हणायची की हट्ट?

"मी नाही म्हणणार असं कोणी सांगितलं तुला?" त्या म्हणाल्या. "मी घेणार आहे. पण माझ्या बायका यंत्रासारख्या वागणार नाहीत. यंत्राने त्यांची रीत शिकायची. बोलव त्याला उद्या."

अभिनव आला. हिराताईंनी त्याला चहा दिला आणि सरळ विषयाला हात घातला. "माझ्या बायकांचा फोन यंत्राने उचलायचा नाही. नुसता वाजू द्यायचा, त्यांनीच कापायचा. एक रिंग आली की तिच्या नावापुढे हिरवं. लागोपाठ दोन आल्या की लाल, आणि लाल झालं की नुसतं दिसून भागणार नाही, ठणाणा वाजलं पाहिजे, शर्मिलाकडे पण आणि माझ्याकडे पण. वेळ होऊन गेली आणि एकही रिंग नाही, तरी वाजलं पाहिजे. आणि पेशंटच्या घरचा फोन आला तर आधी माणूस बोलेल. ते स्वागत काढा."

"मॅडम, मिस कॉलवर कोणी सिस्टिम चालवत नाही."

"चालवत नाही, की चालत नाही?"

अभिनव हसला, बाहेर जाऊन इस्त्रीवाल्याच्या बाकावर बसला आणि आपल्या ऑफिसशी बराच वेळ बोलला. परत आला तो उत्साहात. "होतं, ताई. थोडं काम आहे, पण होतं. आणि एक सुचवू? दोन रिंगा आल्यावर आमच्याकडून त्या बाईला उलट एक रिंग जाऊ दे. म्हणजे निरोप पोचला हे तिला कळेल." 'मॅडम'ची 'ताई' झाली होती, ते त्याच्याही लक्षात आलं नाही.

हिराताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. "हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं बघ. कर."

रविवारी सगळ्या बायकांना गाळ्यात बोलावलं. निम्म्या आत, निम्म्या पायरीवर. मुक्ताबाई नातीचे पेढे घेऊन आली होती. हिराताईंनी नवीन नंबर समजावला, हिरवं-लाल समजावलं.

"म्हणजे आता तुम्ही आमचा फोन उचलणार नाही?" मुक्ताबाईचा चेहरा उतरला.

"अगं, तुझा मिस कॉल मी कधी उचलला होता का?"

बायका खो-खो हसल्या. मग हिराताई गंभीर झाल्या. "फोन बदलला, नियम नाही बदलला. दुसरी आल्याशिवाय हलायचं नाही. तुम्ही थांबलात हे मला एकटीलाच कळायचं. आता इथे बसेल तिला कळेल. माझ्यानंतरही कळेल."

पुढच्या सकाळी त्यांनी वंदना केली, आपला मोबाइल शर्मिलाच्या हातात दिला आणि बाहेर इस्त्रीवाल्याच्या बाकावर जाऊन बसल्या. केंद्र काढल्यापासून पाळी बदलताना त्या टेबलापासून लांब अशा कधी बसल्या नव्हत्या. हात रिकामे, म्हणून इस्त्रीवाल्याच्या घड्या सारख्या करायला लागल्या. आतून रिंगा ऐकू येत होत्या. एक आली, थांबली. पुन्हा एक. मग एकदम ठणाणा. त्या अर्ध्या उठल्या, आणि पुन्हा बसल्या. बाकाची कड घट्ट धरून बसल्या.

आत शर्मिला कोणाशीतरी भरभर बोलत होती. राखीव बायकांमधल्या ओवीला कुठेतरी जायला सांगत होती. कुठे, ते बाहेर नीट ऐकू येईना. मग बराच वेळ काहीच नाही. मग एक रिंग, आणि शर्मिला दारात आली.

"ताई, एक लाल झालं होतं. ओवी पोचली. आता सगळी हिरवी."

कोणाचं घर, कोण अडकली होती, असे प्रश्न ओठांवर आले. हिराताईंनी ते गिळले. आत गेल्या तशी शर्मिला खुर्चीवरून उठायला लागली.

"बस. उठू नकोस," त्या म्हणाल्या. टेबलावर अभिनवचे कागद पडलेले होते. हिराताईंनी ते जवळ ओढले आणि उभ्याउभ्याच सही केली.