थिनर प्यायलेला ढीग

वहिनींच्या नर्सरीची पाटी रंगवायला मी आपणहून गेलो. कोणी बोलावलं नव्हतं. रंगकामातलं मला जेवढं कळतं तेवढं त्यांच्या मांजरालाही कळतं. फरक एवढाच, की मांजर गप्प बसतं. थिनरचा उघडा डबा मी खताच्या ढिगाला टेकवून ठेवला आणि पाटीचं कौतुक करत मागे सरताना त्याला लाथ मारली. निम्मं थिनर शेजारच्या वाळूवर सांडलं, निम्मं ढिगात मुरलं.

ढीग म्हणजे तीन वर्षं कुजवलेला पाला. माझ्या मित्राच्या पश्चात वहिनींनी ही नर्सरी उभी केली ती त्या ढिगाच्या आणि स्वतःच्या नाकाच्या जोरावर. माती हातात आली की आधी नाकाशी जाते. "आंबलीय" म्हणाल्या की ती आंबलेलीच असते. रोपांना त्या 'कार्टी' म्हणतात. तेव्हा चाळीस ट्रेमधली कार्टी पिशव्यांत जायला आली होती. मुळं भोकांतून बाहेर लोंबत होती. आठवड्यात खत मिळालं नाही तर हंगाम बुडणार, आणि हंगामामागोमाग नर्सरी.

"उन्हात पसरू. वास उडून जाईल," मी म्हणालो.

"आधी तुम्ही उडा, भावोजी."

तरी पसरलं. वाळूचा वास दोन दिवसांत गेला. खताचा हलेना.

"वाळूच्या तो नुसता अंगाला लागतो, ऊन लागलं की सुटतो," वहिनी खत उलथत म्हणाल्या. "कुजलेला पाला त्याला पोटात घेतो. खत जितकं मुरलेलं तितकं घट्ट धरून बसतं. माझं चांगलंच मुरलं होतं म्हणायचं!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

चौथ्या दिवशी त्यांनी त्या खतात एक रोप लावून पाहिलं. सकाळी त्याने मान टाकली होती. मग त्या दिवसभर खत उलथत राहिल्या, मूठ मूठ हुंगत राहिल्या. ट्रेमधली पानं खालून पिवळी पडू लागली.

सहाव्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे मूठ धरली.

"मला काहीच कळेनासं झालंय. नाक मेलं माझं. तुम्ही सांगा."

मी हुंगलं. 'नाही येत' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"येतोय," मी म्हणालो. "जरासाच."

त्या तिथेच, खतात, मटकन बसल्या.

"बाजारातून खत आणतो, वहिनी. आत्ता जातो."

"कच्चं असतं ते. मागे निम्मी रोपं जाळली त्यानं."

माझ्या बोटांना अजून पाटीचा हिरवा रंग होता.

"मग मी काय करू, वहिनी?"

"कार्टी उपटून टाका. ट्रे रिकामे करायला लागा."