साबणाची वडी

चेरीताल या आमच्या हिंदी बोलणाऱ्या वस्तीतल्या किराणा दुकानात मी सकाळी दूध घ्यायला जातो. महिन्यातून एकदा तिथे एक बाई दिसायची. समोरच्या रेशन दुकानातून तांदळाची पिशवी उचलून ती थेट इकडे यायची, मशीनवर टेकवलेला अंगठा पदराला पुसत. रेशनवर तांदूळच मिळतो, म्हणून त्यातला थोडा देऊन ती साबणाची वडी आणि चहापत्ती न्यायची.

परवा दुकानदारानं पिशवीला हातच लावला नाही. चेकिंग सुरू आहे, रेशनचा तांदूळ घेतला तर दुकान जाईल, म्हणाला.

शेजारी विजय नगरच्या बंगल्यांतले एक साहेब उभे होते. ते मला मराठीत म्हणाले, "फुकटचं मिळून राहिलं, ते खायचं सोडून विकतात. काहून?"

बाईला सगळं समजलं. "तो क्या चावल घिसूँ बदन पे, साहब?"

तिनं पिशवी कमरेवर घेतली आणि निघून गेली.

साहेबांनी कुत्र्याच्या खाण्याचं पाकीट मागितलं. नेहमीचं परत करून चिकनचं घेतलं. मला म्हणाले, "रोज तेच खाऊन कंटाळला हो बिचारा."