चिमटाबाईच्या घरचा ठोकळा

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक खिडकी आहे. दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढीच. तिच्या आत बसते चिमटाबाई. मोबाइल दुरुस्त करते. हातात सदा बारीक टोकाचा चिमटा, कपाळावर सरकवलेलं भिंग, आणि समोर दिव्याखाली कुणाचा तरी उघडा पडलेला फोन. नाव तिला त्या चिमट्यावरून पडलं. ज्यांनी तिच्याशी दोन मिनिटं वाद घातलाय, त्यांना मात्र ते जिभेवरून पडलं असंच वाटतं.

तिची कामाची एक पद्धत आहे. गिऱ्हाईक म्हणतं, बॅटरी टिकत नाही. ती फोन उघडत नाही. आधी भिंग डोळ्यावर ओढते आणि चार्जिंगची वायर जिथे जाते ते भोक बघते. फोन टेबलावर ठेवून चार्ज करणाऱ्याचं भोक वर्षानुवर्षं घट्ट राहतं. वायर लावून, कुशीवर पडून तासन्‌तास बघणाऱ्याचं एका बाजूने सैल होतं. डावी कूस की उजवी, तेही ती सांगते. एका गृहस्थांना तिने सहज विचारलं, उजवा खांदा दुखतो का हो? ते बिचारे फोनचं विसरून खांद्याचंच गाऱ्हाणं सांगत बसले.

गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात सैल भोकं यायला लागली ती आठवी-नववीतल्या मुलांच्या फोनांची. सोबत आलेले आईबाप सांगायचे, शाळेसाठी दिलाय हो. चिमटाबाई भिंगाआडून वर बघायची आणि म्हणायची, "शाळा हल्ली आडवी पडून भरते वाटतं."

तिचा एक नियम मात्र कडक. फोनमध्ये दिसलं ते फोनमध्येच राहिलं पाहिजे. लोकांचे फोटो, निरोप, भांडणं, सगळं तिच्या दिव्याखालून जातं. मी रोज दुपारी भांडी आवरून तिच्याशी गप्पा मारायला खाली उतरते, गल्लीतलं सगळं आम्ही बोलतो, पण आजवर कुणाच्या फोनमधलं एक अक्षर तिच्या तोंडून निघालेलं नाही. मी दोनदा विचारून पाहिलं, खोटं कशाला बोलू. दोन्ही वेळा तिने मला स्क्रू मोजायला दिले.

तिची मुलगी भिंगरी. तेरा वर्षांची, पाय जमिनीला टेकतात की नाही अशी शंका यावी असं पळते. सहाव्या वर्षापासून आईशेजारी उलट्या खोक्यावर बसून डबीत मापाप्रमाणे स्क्रू लावायची. आता फुटलेली काच एकटी बदलते. यंदा आठवीला ती मोठ्या शाळेत गेली. शाळा दोन बस बदलून. तेव्हा फोन लागणार, यावर घरात वाद नव्हता. वाद होता कुठला, यावर.

भिंगरीला मोठ्या पडद्याचा हवा होता. वर्गातल्या सगळ्यांकडे आहे, हे तिचं म्हणणं.

"सगळ्यांचे माझ्याकडेच येतात," चिमटाबाई म्हणाली. "ओळखते मी त्यांना."

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेलंच असतं, त्यामुळे त्याचा फोन जेवतानाही ताटाशेजारी. त्याचं मत साधं होतं: घरात फोनांचा ढीग, आणि पोरीला एक देताना एवढा विचार कशाला?

मग चिमटाबाईने एक चूक केली. चूक अशी, की ती तिच्याच घरात होऊ शकते. बाजारातला साधा फोन घेण्यापेक्षा आपणच एक साधा करू, असं तिच्या मनाने घेतलं. ड्रॉवरमधला एक जुना मोठा फोन काढला, नवी बॅटरी घातली, बोलणं आणि निरोप सोडून बाकी सगळं काढून टाकलं, आणि उरलेल्यावर कुलपावर कुलपं लावली. तीन दुपारी त्यात गेल्या. रविवारी सकाळी तो भिंगरीच्या हातात दिला. चहाच्या वेळी भिंगरी गॅलरीत बसून जगभरातल्या शर्यती बघत होती.

कसं उघडलंस, असं आईने विचारलं. भिंगरी म्हणाली, मागच्या सुट्टीत शेजारचे शिंपीकाका पासवर्ड विसरले होते, तेव्हा तूच नाही का शिकवलंस? बाप इतका हसला की त्याला हातातला कप खाली ठेवावा लागला. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

चिमटाबाई वर माझ्याकडे आली. रागात असेल असं मला वाटलं होतं. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि आधी म्हणाली, "मला जे करायला पाच पायऱ्या लागतात ना वहिनी, ते पोरीने चारमध्ये केलं." अभिमान काही केल्या लपत नव्हता. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "चूक माझी. उघडता येईल ते ती उघडणारच. तिला उघडण्यासारखं आत काही नसलेलाच फोन द्यायला हवा."

पुढचा आठवडा तो फोन शोधण्यात गेला. मला वाटायचं बटणांचा फोन म्हणजे बटणांचा फोन. पण त्यातले चार तिने दुकानदारासमोर चाळून बाजूला सारले, कारण बाहेरून ते गरीब गाय आणि आत इंटरनेट, व्हिडिओ, सगळं दडवलेलं. पाचवा तिने टेबलाच्या उंचीवरून तीनदा फरशीवर टाकला. दुकानदाराने डोळे मिटून घेतले. मग डोळे तिने मिटले आणि नुसत्या बोटांनी माझा नंबर लावला. पाचाच्या बटणावरचा उंचवटा नीट लागतो का ते बघायला. माझा फोन पर्समध्ये वाजला. "हा," ती म्हणाली. करड्या रंगाचा, जाडजूड. बोलणं, साधे निरोप, गजर आणि टॉर्च. बास.

भिंगरीने त्याचं नाव ठोकळा ठेवलं आणि दप्तरात डब्याच्याही खाली टाकला. दोन दिवस ती आईशी बोलली नाही. त्या घरात दोन दिवस शांतता म्हणजे भांडणापेक्षा मोठी गोष्ट. तरी ठोकळा ती रोज नेत होती.

खरी अडचण आली ती मैदानावर. शाळेच्या रिलेच्या संघात चार मुली, आणि शेवटचा टप्पा भिंगरीचा. सराव कधी, हे खेळाचे सर ग्रुपवर टाकायचे. एकदा गुरुवारचा सराव बुधवारी झाला, भिंगरीला पत्ता नाही. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. सरांनी शुक्रवारी सांगून टाकलं: सोमवारपर्यंत ग्रुपवर ये, नाहीतर शेवटचा टप्पा राखीव मुलगी धावेल. शर्यतीला तीन आठवडे होते.

मी तेव्हा खिडकीपाशीच होते. भिंगरी आली, दप्तर न उतरवता ठोकळा आईच्या पुढ्यात, त्या दिव्याखाली ठेवला.

"आई, मी काय चुकले ते सांग."

"काहीच नाही."

"मग मला का काढतायत?"

चिमटाबाईने चिमटा खाली ठेवला. कामाच्या वेळी तिचा हात रिकामा मी पहिल्यांदाच पाहिला. तिच्या मांडीपाशी ड्रॉवर होता आणि त्यात चालू स्थितीतले निदान दहा फोन. एक काढून दिला असता तर विषय तिथेच संपला असता. संध्याकाळी नवऱ्यानेही तेच सुचवलं, शर्यतीपुरता दे आणि मग काढून घे. ती म्हणाली, "काढून घ्यायचं काम तू करणार असशील तर देते." त्याला नेमका कुठल्यातरी लिफ्टचा फोन आला.

सोमवारी दुपारी तिने खिडकीचं दार ओढलं आणि वर आली. वहिनी चला, म्हणाली, माझी जीभ सुटली तर धरायला कुणीतरी हवं.

खेळाच्या सरांची खोली लांबट, एका बाजूला जाळीत भरलेले चेंडू, खुंटीवर शिट्ट्या, पाठीवर लावायच्या आकड्यांची फडकी दोरीवर वाळत घातलेली. खिडकीच्या कट्ट्यावर सरांचा फोन चार्जिंगला लावलेला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मग चिमटाबाईकडे. हे सर मी आमच्या जिन्याखाली दोनदा पाहिलेले होते. दोन्ही वेळा तक्रार एकच, बॅटरी टिकत नाही. तो फोन कुठल्या बाजूने झिजलाय हे चिमटाबाईला पाठ असणार. एक वाक्य पुरलं असतं. मी वाट बघत होते, आणि अर्धी घाबरलेही होते.

ती त्यावर काही बोलली नाही. तिने फक्त विचारलं की निरोप साध्या मेसेजने पाठवता येईल का. सर म्हणाले, एकशे ऐंशी मुलं आहेत, सूचना ग्रुपवरच जातात, तो नियमच आहे.

"दाखवा," चिमटाबाईने पिशवीतून शाळेचं माहितीपुस्तक काढून टेबलावर ठेवलं. "मी तीनदा वाचलंय. बुटांचा रंग आहे, वेणीच्या रिबिनीचा रंग आहे, नखं किती वाढवायची ते आहे. फोन कुठला, ते नाहीये."

सर जरा नरमले, पण हटले नाहीत. मुलं आता अशीच एकमेकांशी जोडलेली असतात, एकटी मुलगी मागे पडते, असं समजुतीच्या सुरात सांगायला लागले.

"धावण्यात मागे पडली तर आजच काढा," ती म्हणाली. "मी स्वतः येऊन तिला घरी नेईन. पण फोनमध्ये मागे आहे म्हणून काढणार असाल, तर तसं मला कागदावर लिहून द्या. सही करून."

सरांनी एक शिट्टी उचलून परत खुंटीला अडकवली. तेवढ्यात दारातून आवाज आला, "आई, तू थांब." भिंगरी उभी होती, सरावाच्या कपड्यांत, धापा टाकत. कुणीतरी मैदानावर जाऊन सांगितलं असणार की तुझी आई आलीय.

"सर, तुम्ही फक्त पहिल्या नंबरच्या मुलीला फोन करा," ती म्हणाली. "ती दुसरीला करेल, दुसरी तिसरीला, तिसरी मला. बॅटन असंच येतं ना माझ्यापर्यंत?"

"आणि मधल्या एकीने केला नाही तर?"

"तर ती मैदानावरही पाडेल, सर. आधीच कळलेलं बरं."

सरांना हसू आवरलं नाही. एक आठवडा बघू, म्हणाले. राखीव मुलगीही तयार राहील, हेही सांगायला विसरले नाहीत.

फाटकाबाहेर आल्यावर चिमटाबाई पोरीच्या पाठीवर हात ठेवायला गेली तर भिंगरी बाजूला सरकली. "मी तुझ्या बाजूने नाही बोलले," ती म्हणाली. "मला धावायचंय." आणि गेली मैदानावर परत. बसमध्ये बसल्यावर चिमटाबाई म्हणाली, "माझीच आहे."

पहिल्याच आठवड्यात साखळी तुटली. तिसऱ्या मुलीने फोनचा आवाज बंद करून ठेवला होता, कारण तिच्या फोनवर दिवसभर काही ना काही टुणटुणत असायचं. भिंगरी संध्याकाळी सात वाजेपर्यंत थांबली, मग उलट्या दिशेने फोन करत निघाली. तिसरीला, ती उचलेना म्हणून दुसरीला. निरोप कळला, सराव चुकला नाही. दुसऱ्या दिवशी तिने तिसरीला मैदानावर सगळ्यांदेखत जे सुनावलं ते ऐकून सर म्हणाले म्हणे की हिची आई परवडली. त्यानंतर साखळी तुटली नाही.

शर्यतीच्या आदल्या दिवशी वेळ एक तासाने अलीकडे आली. सरांनी ग्रुपवर टाकलं, आणि तीन आठवड्यांच्या सवयीने पहिल्या मुलीला फोनही केला. ग्रुपवर त्या दिवशी कुठल्यातरी बाईंचा वाढदिवस होता. शुभेच्छा, फुलं, केक, हात जोडलेले, टाळ्या वाजवलेल्या, त्याखाली ती सूचना गाडली गेली. लांब उडीच्या दोन मुली उडी संपल्यावर पोचल्या, रडत. रिलेच्या चौघी वेळेआधी फाटकात उभ्या होत्या.

जिंकल्या का, तर नाही. भिंगरीच्या हातात बॅटन आलं तेव्हा त्यांचा संघ पाचवा होता. तिने तो तिसरा आणला. चिमटाबाई कठड्याला धरून उभी होती, मुठीत लेकीचा ठोकळा. ओरडली नाही, काही नाही. घरी आल्यावर मात्र तिने दाखवलं, पाचाच्या बटणावरचा तो उंचवटा तिच्या तळहातावर उमटला होता.

मागच्या आठवड्यात खेळाचे सर जिन्याखाली आले. तक्रार तीच. मी तिथेच उभी. चिमटाबाईने भिंग खाली ओढलं, भोक पाहिलं, भिंग वर केलं. सरांनीच हसत विचारलं, "काय बाई, कुठली कूस?"

"ते तुम्हाला माहीत आहे, सर," ती म्हणाली. "उद्या संध्याकाळी न्या."

भिंगरी शेजारी खोक्यावर बसून स्क्रू लावत होती. मान वर न करता म्हणाली, "दहावी झाली की मी मोठा घेणार आहे. आत्ताच सांगून ठेवते."

"घे की. दहावी झाल्यावर."

"आणि कुलूप लावायचं नाही."

"लावून उपयोग आहे का?"

एवढ्यात ठोकळा वाजला. भिंगरीने खिशात हात घालून, न बघताच बटण दाबलं, कानाला लावला, "आले" म्हणाली आणि जिन्याखालून सुटली. स्क्रूंची डबी तशीच उघडी. सर रस्त्याकडे बघत राहिले. मग एकदम म्हणाले, "अरेच्चा, निरोप तर मीच दिलाय. मैदानावर मलाही जायचंय."

"मग पळा," चिमटाबाई म्हणाली, आणि चिमट्याने एकेक स्क्रू उचलून आपापल्या घरात ठेवायला लागली.