औशाच्या माळावरचे अप्पा

फोन अप्पांच्या घरून, नीलम्मावहिनींचा होता. मी नांदेडला मुलीकडे होतो, सकाळचा चहा हातात होता. "गुरुजी, हे लिंगैक्य झाले," एवढंच त्या म्हणाल्या. औशाला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. विश्वनाथअप्पांना लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवलं होतं. कपाळाला भस्म, गळ्यात हार, डोळे मिटलेले... सतत मान वर करून आभाळ धुंडाळणाऱ्या माणसाचे मिटलेले डोळे मला बघवेनात.

मी बिलोलीकडचा. औशाच्या शाळेत नोकरीला लागलो तेव्हा लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. शर्टाचं कापड घ्यायला अप्पांच्या दुकानात गेलो. ते कापड फाडत होते. अचानक कात्री कापडातच सोडून अनवाणी रस्त्यावर धावले. मला वाटलं, चोर पळाला! मीही मागे धावलो. अप्पा आभाळाकडे बोट करून ओरडत होते, "आलं! बघा, पंखाची टोकं काळी हायत का न्हाई?" डोक्यावरून एक राखाडी पाखरू तरंगत गेलं. माझं कापड अर्धंच फाटलेलं राहिलं आणि त्या संध्याकाळी मी अप्पांच्या सायकलवर डबलसीट बसून माळावर गेलो.

ते पाखरू म्हणजे भोवत्या. ससाण्यासारखं शिकारी, पण गवतावरून अगदी खाली, भोवऱ्यासारखं गिरक्या घेत उडणारं. हिमालयापलीकडून दिवाळीच्या सुमाराला ही पाखरं आपल्याकडे येतात. दिवसभर रानोरान पांगून नाकतोडे, उंदीर टिपतात आणि सांज झाली की चहूकडून एकाच माळावर, गवतात, जमिनीवर झोपायला जमतात. ती उतरताना मोजायची. आम्ही पाठीला पाठ लावून बसायचो, त्यांनी मावळत धरायची, मी उगवत. मोजलेला आकडा अप्पा लातूरच्या वर्तमानपत्राला आणि दूरच्या एका पक्षीमित्र मंडळाला कळवायचे. उठून पुन्हा बसलेलं पाखरू मी दोनदा मोजलं की पाठीला पाठ असूनही त्यांना कळायचं!

मग दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीत गेली. माळावर रोजगार हमीचं काम निघणार असं ठरलं. चर खणून निलगिरी लावायची होती. गवत गेलं की पाखरं गेली. अप्पा तिरीमिरीत शेजारच्या गावी निघाले, मीही सोबत. पारावर कामाची वाट बघत बसलेल्या बायकांना ते माळाचं महत्त्व सांगू लागले. कोंडाबाई नावाच्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अप्पा, तुमची पाखरं उडून पोट भरतेत. आमी कुटं उडावं?"

परतताना अप्पा सायकल हातात धरून चालत राहिले. म्हणाले, "गुरुजी, बाई खरं बोलली. माळ वाचवायचा असंल तर आधी काम दुसरीकडं दाखवावं लागंल." पुढचे दिवस दुकान वाऱ्यावर टाकून ते शिवारभर हिंडले. त्या गावाखालचा जुना तलाव गाळानं भरला होता. तो गाळ काढायचं काम माळापेक्षा मोठं होतं, गावाला जवळ होतं. अप्पांनी तहसीलच्या साहेबांना गाठलं, तलावाचं सांगितलं आणि एकच विनंती केली, एक संध्याकाळ माळावर या.

साहेब आले. कोंडाबाई आणि चार बायकाही आल्या, तमाशा बघावा तशा. सूर्य टेकला. आभाळ रिकामं! साहेबांनी घड्याळ बघितलं. अप्पांच्या कपाळावर थंडीत घाम आला. मी ओढ्याकडे डोळे ताणले, नेमकं आजच... आणि ओढ्याच्या अंगानं एक आलं. मागून दोन. मग उगवतीकडून, मावळतीकडून, डोक्यावरून, आवाज न करता पाखरंच पाखरं! काही इतकी खालून गेली की साहेबांनी मान खाली घातली. कोंडाबाई उठून उभी राहिली, "आगं माय, समदी हितंच निजतेत व्हय?"

"शंभर तरी असतील!" साहेब लहान मुलासारखे ओरडले.

"न्हाई साहेब," अप्पा म्हणाले, "एकसष्ट. काही उठून परत बसली, ती तुम्ही दोनदा धरली."

मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. शंभर म्हणाले असते तर काय बिघडलं असतं? पण साहेब मोठ्यानं हसले. "दुष्काळात कमी सांगणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. तुमचा तलावही बघतो."

बघितला. काम तलावावर निघालं. कोंडाबाईनं तिथं उन्हाळाभर गाळ वाहिला, आणि पुढच्या पावसात तलाव तुडुंब भरला तेव्हा नारळ फोडायला तिनं अप्पांनाच बोलावलं. पुढं प्लॉटिंगमध्ये अर्धा माळ गेला, पाखरं घटली. तो घटलेला आकडाही अप्पा तसाच कळवत राहिले. एकदा फक्त नऊ आली. त्या दिवशीही त्यांचा चेहरा फुलला होता, "नऊ तर नऊ, आली की!"

गेल्या आठवड्यात पुन्हा औशाला गेलो. वहिनी म्हणाल्या, "मला माळावर न्या. लग्नानंतर एकदाच गेलते, तवा नीट बघितलंच न्हाई."

आम्ही दगडावर बसलो. गवत पिवळं पडलं होतं. बराच वेळ काही नाही... मग एक राखाडी पाखरू गिरकी घेत उतरलं. मागून आणखी. माझे ओठ आपोआप हलू लागले.

वहिनींनी चमकून माझ्याकडे बघितलं. "गुरुजी, तुम्ही कानडीत मोजायलात?"

मी थबकलो. अप्पांच्या घरची बोली कानडी, आणि माळावर ते त्याच बोलीत पुटपुटत मोजायचे. इतकी वर्षं पाठीला पाठ लावून बसल्यावर ते माझ्यात कधी उतरलं कुणास ठाऊक. मला कानडी बोलता येत नाही. फक्त आकडे येतात.

"थांबू नका," वहिनींनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच बाजूला केला. "कुठवर आलता?"

"नाल्कु. चार."

त्यांनी ओढ्याकडे बोट केलं. तिकडून एक तपकिरी मादी, पंख उचलून धरत, गवताला चाटून येत होती.

"ऐदु," वहिनी म्हणाल्या.