मीटरचे कान वाजत नाहीत

ऑफिसात भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की चहा आणायला उठणारा माणूस म्हणजे मी. जे मोजता येतं त्यावर माझा विश्वास. पंचाईत अशी झाली की हे प्रकरण मोजता आलं…

दोन वर्षांपूर्वीची, म्हणजे २००५ ची गोष्ट. मी आणि माझी बायको माधुरी ओसाकात. कंपनीचं प्रोजेक्ट, दोन खोल्यांचं अपार्टमेंट, त्यातली एक तातामीची — म्हणजे जमिनीवर गवती चटया. आई गेल्यावर माझे वडील, अण्णा, इचलकरंजीत एकटे पडले होते, म्हणून त्यांना मी तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. रमले तर दरवर्षी आणायचं, असा विचार होता. अण्णांनी सगळी हयात यंत्रमागावर काढलेली. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या खडखडाटात कान अर्धे गेलेले, त्यामुळे त्यांचं ‘चहा दे’ खालच्या मजल्यापर्यंत पोचायचं. जपानी शेजारी बिचारे काही बोलायचे नाहीत, जिन्यात भेटले की जरा जास्त वाकायचे एवढंच.

अण्णांचं अंथरूण तातामीच्या खोलीत आणि माझा घोंघावणारा कॉम्प्युटरही तिथेच. त्यांनी तक्रार केली नव्हती, हौस माझीच. जन्मभर आवाजात राहिलेल्या माणसाला म्हातारपणी तरी शांत झोप मिळावी म्हणून मी बिनआवाजाचा कॉम्प्युटर बांधायला घेतला. मोठा, संथ फिरणारा पंखा आणला, हार्ड डिस्क रबरावर टांगली. ऑफिसातल्या मोरी-सानकडून आवाज मोजायचं मीटर आणलं. डेसिबलचं गणित विचित्र असतं. दोन सारखे पंखे लावले तर आकडा दुप्पट होत नाही, तीननेच चढतो. आणि मोठ्या आवाजात छोटा मिसळला तर आकडा हलतही नाही. म्हणून आधी सगळ्यात मोठा आवाज शोधून मारायचा, मग त्याच्या खालचा. असं करत करत मीटर तीसवर आलं. रिकाम्या खोलीचाही आकडा तेवढाच. मी खूश.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कानांवर हात दाबून बसलेले.

“सुहास, हितं कुणाचा माग चालू हाय?”

“अण्णा, इथे कुठला माग?”

“चालू हाय की. धोटा फेकल्याला कळतोय मला. बंद करायला सांग त्यास्नी.”

मी कॉम्प्युटर बंद केला, प्लगसुद्धा काढला.

“अजून चालूच हाय,” अण्णा म्हणाले.

कान वाजत असतील, असं तुम्ही म्हणाल. डॉक्टरही तेच म्हणाले — आवाजाने थकलेल्या कानांना शांततेत असं होतं. पटलं. घरी आल्यावर मीटर आवरून ठेवायला गेलो. ते अण्णांच्या शेजारी चटईवर होतं, चालूच राहिलेलं. आकडा नव्वदच्या वर… आणि खोलीत चिडीचूप. दारात उभ्या असलेल्या माधुरीलाही काही ऐकू येत नव्हतं. माणसाचे कान वाजतात हो, मीटरचे वाजत नाहीत.

सेल बदलले. स्वयंपाकघरात नेलं — तीस. अण्णांजवळ आणलं — नव्वद. अण्णा आंघोळीला गेले की खोली तीसवर आणि बाथरूमचं दार नव्वदवर. रविवारी मोरी-सान दुसरं मीटर घेऊन आले. दोन्ही मीटर अण्णांसमोर ठेवून बराच वेळ बघत बसले. “बिघाड नाही,” एवढंच म्हणाले आणि अण्णांना वाकून निघाले. ऑफिसात तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मग तो माग बुडून जावा म्हणून मी खोलीतला आवाज परत आणायच्या मागे लागलो. जुने पंखे लावले, टीव्ही मोठा केला. गणित मला आधीच ठाऊक होतं… नव्वदपुढे त्यांचा काय पाड लागणार? आकडा तसूभर हलला नाही. अण्णा जेवेनात. झोप तर नाहीच. एकदा माझा हात धरून म्हणाले, “बाळा, कायतरी कर की. तू इंजिनेर हायस न्हवं?” मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. दुसरं काही करता येत नव्हतं.

तीन महिने पुरे व्हायच्या आत मी त्यांना गावी सोडून आलो. हल्ली ते रोज सकाळी जुन्या मालकाच्या कारखान्यात जाऊन बसतात. काम काही नाही, नुसतं मागांच्या मध्ये स्टूल टाकून. तिथे तो आवाज येत नाही म्हणे, बसल्या बसल्या डुलकीही लागते. मीटर नेऊन बघण्यात अर्थ नाही, मागांचाच आकडा नव्वदच्या वर जायचा. ओसाकात त्या मीटरने काय ऐकलं, ते मला आजही सांगता येत नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर लिहा.

मी कारखान्यात फोन करतो तेव्हा मागे सगळे माग चालू असतात. मी ओरडून विचारतो, “अण्णा, बरं आहे ना?”

“झ्याक हाय. आता शांत हाय बघ,” ते म्हणतात.

माझं त्यांना ऐकू गेलेलं नसतं. पोराचा फोन आलाय म्हणजे तो हेच विचारत असणार, असं धरून ते उत्तर देतात.