फाटकाबाहेरचे बूट

दिनकरराव गेल्याची बातमी मला शाळेत कळली. मी आठवीच्या वर्गावर होतो. वनखात्याचा एक गार्ड दाराशी येऊन उभा राहिला आणि भिजलेली टोपी हातात धरून म्हणाला, "मास्तर, साहेब गेले. बाईनं तुमाले बलावलं आहे." त्यांना कावीळ झाली आहे एवढे आम्हांला ठाऊक होते, चाळिशीही न गाठलेला माणूस त्यातून उठेलच, असे सारे धरून चाललो होतो... दिनकरराव हे माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, यजमान. गडचिरोलीकडच्या जंगलात ते रेंजर होते. त्यांच्या कामाविषयी त्यांचे सहकारी लिहितील. मी आजवर प्रश्नपत्रिकांपलीकडे काही लिहिलेले नाही, आणि मला जे लिहायचे आहे ते त्यांच्याइतकेच आमच्या घराविषयी आहे. ते दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही, म्हणून हा धीर करतो आहे.

सुमनला पाहायला ते आले ते भर पावसाळ्यात. बांबूच्या कूपाची, म्हणजे तोडीच्या पट्ट्याची, पाहणी आटोपून ते थेट चांद्याला आमच्या घरी पोहोचले होते. ओसरीच्या कडेला त्यांनी आपले उंच तपकिरी बूट काढून ठेवले आणि नेमक्या त्यांच्यावर पागोळ्या पडू लागल्या. धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावरून ओघळावे तसे पाणी त्या चामड्यावरून गोळ्यागोळ्यांनी घरंगळत होते. एक थेंबही आत मुरत नव्हता. आमच्या काकाजींचे लक्ष तिकडे गेले. घरातल्या लग्नकार्यात त्यांचा शब्द शेवटचा असे.

"साहेब, हे पाणी त ठहरूनच नाई राह्यलं. लावता तरी काय बुटाले?"

"मलम आहे. वडशाचे करीमभाई बनवून देतात. मेण असते, मोहाच्या बियांचं, टोळीचं तेल असते..."

"अन् अजून?"

"अजून त्यांची मेहनत असंल."

"मेहनत ठीक आहे. चरबी-बिरबी त नाई ना? अन् असली, त कशाची?"

करीमभाईंचे वडशाला जोडे आणि खोगिरे शिवण्याचे दुकान होते. दिनकररावांचे बालपण त्याच गल्लीत गेले होते. दिनकररावांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

"ते मी कधी विचारलं नाई, काकाजी."

"मंग विचारून कळवा."

"ते नाई जमायचं. लहानपणी ताप आला की मी त्यांच्या अम्मीच्या मांडीवर झोपलो आहे. आता त्याइले हे विचारलं, त त्या दुकानात पुन्हा कोणत्या तोंडानं बसू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. उलट, असे सांगावे लागते आहे याचा संकोचच अधिक होता. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुमनचा आवाज आला, "पण बूट कशाचे आहेत ते काऊन नाई विचारत कोणी? ते काय पळसाच्या पानाचे आहेत?" काकूने तोंडाला पदर लावला, तो हसू दाबण्यासाठी की धसक्याने, हे मला आजही सांगता येणार नाही. ओसरीच्या पायरीवर आम्हां सर्व पुरुषांच्या कातडी वहाणा ओळीने मांडलेल्या होत्या. आम्हांला कातडे चालत होते. अडत होते ते मलम.

सोयरीक मोडल्यातच जमा होती. काकाजींनी दुसरे स्थळ शोधायला घेतले. अखेर बाबांनी सुमनला समोर बसवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "ते विचारून येतो म्हणाले असते, त मीच नाई म्हटलं असतं, बाबा." काकाजींचा शब्द डावलून बाबांनी होकार कळवला. लग्न झाले. करीमभाईंना आमंत्रण द्यावे, असे आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. दिनकररावांनीही तो विषय काढला नाही.

लग्नानंतर ते प्रथम आले तेव्हा फाटकाशीच थांबले. काकाजी ओसरीवरून त्यांच्या पायांकडे पाहत होते. दिनकररावांनी वाकून नाड्या सोडल्या, बूट फाटकाबाहेरच्या दगडावर ठेवले आणि अंगणातला काळ्या मातीचा चिखल तुडवीत ते अनवाणी आत आले. त्यानंतर प्रत्येक वेळी हेच घडले. तसे करा, असे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि करू नका, असेही कोणी म्हणाले नाही. जावयाच्या पायांवर पाणी घालण्याची रीत आमच्याकडे आहे. तांब्या घेऊन मी पुढे होत असे, आणि आमच्याच अंगणातला चिखल त्यांच्या घोट्यांवरून धुऊन काढीत असे. बाहेर दगडावर ते बूट पावसात पालथे असत, आतून कोरडे ठणठणीत. एकदा माझा चेहरा पाहून तेच म्हणाले, "मास्तर, बूट कोरडे राह्यले पाह्यजेत. पायाचं काय, ते धुता येतात." मी हसलो. हसण्यावारी नेता येईल असे त्यांनी म्हटले, यात त्यांचा चांगुलपणा होता. पुढे काकाजी वारले, बाबा अंथरुणाला खिळले. फाटकाबाहेरची ती जागा मात्र बदलली नाही, आणि ती बदला असे म्हणू शकणारा घरात मी एकटाच उरलो होतो...

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या क्वार्टरवर राहिलो होतो. मृग जवळ आला होता. दिनकररावांनी बुटांच्या शिवणीतली वाळलेली माती काडीने उकरली, बूट थोडा वेळ उन्हात ठेवून चामडे कोमट होऊ दिले आणि डब्यातले मलम बोटाने चोळायला घेतले. चिंधीने का नाही, असे मी विचारले, तर म्हणाले, "चिंधीनं शिवण हाताले लागत नाई." एक बूट ते करीत होते, दुसरा सुमन. बोलणे कसल्यातरी पाहुण्यांचे चालले होते. मी वर्तमानपत्र घेऊन थोडा लांब बसलो होतो. मला कोणी हात लावायला सांगितले नाही.

तेराव्यानंतर बाकीची मंडळी पांगली आणि मी मागे राहिलो. एका दुपारी पाहतो तो सुमन पडवीत बूट पुढ्यात घेऊन बसलेली. पावसाच्या दिवसांत नुसते पडून राहिले तर बुरशी येईल, चामडे तडकेल, म्हणाली. ते आता कोण घालणार, हे मी विचारले नाही. करीमभाई मातीला येऊन गेल्याचे तिने सांगितले; मी त्यांना कधी पाहिले नव्हते. नवा डबा त्यांनीच आणला होता आणि खिडकीत ठेवला होता. थोड्या वेळाने तिने दुसरा बूट माझ्याकडे सरकवला.

"हा तू कर, दादा."

मी डब्यात बोट बुडवले. मलम पिवळसर, मऊ होते. बोटाच्या उबेने लगेच पाघळू लागले. बूट डाव्या हातात धरून मी उजवा हात पुढे नेला... निदान तसे मला वाटले. सुमनचा हात थांबला, म्हणून माझ्या ध्यानात आले की माझे बोट बुटाकडे नव्हे, नाकाकडे गेले होते.

"वास घेऊन राह्यला का, दादा?"

तिने ते हळूच विचारले, थकलेल्या माणसाने विचारावे तसे. मी मान खाली घालून शिवणीतून बोट फिरवीत राहिलो. बूट पुरा झाल्यावर तिने तो माझ्याकडून घेतला आणि टाचेजवळ जिथे माझे मलम पोहोचले नव्हते, तिथे स्वतःच्या बोटाने पुन्हा लावले.